कॉलेजात प्रथमच जाणाऱ्या विद्यार्थ्यांस

बारावीचा निकाल लागून प्रवेशाची धावपळ संपली म्हणजे खेड्यातील पुष्कळ घरी आईबाप सुटकेचा निःश्वास टाकतात. दाखले मिळाले, फी भरली, शहरात राहण्याची सोय लागली. आता मुलगा मार्गाला लागला, अशी त्यांची समजूत होते. ही समजूत अगदीच खोटी आहे असे नाही. परंतु ज्यांनी अशा मुलांचे पहिले वर्ष जवळून पाहिले आहे त्यांस ठाऊक आहे की, खरी अडचण प्रवेश मिळेपर्यंतची नसून प्रवेश मिळाल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांतील असते. शाळेत पहिल्या पाचांत येणारा मुलगा कॉलेजात मागच्या बाकावर जाऊन बसतो, दिवाळीपर्यंत अबोल होतो, आणि पहिल्या सत्राचा निकाल हाती आल्यावर 'हे मला झेपणार नाही' असे म्हणून घरी परततो. शेजारीपाजारी म्हणतात, बुद्धी कमी पडली. प्रस्तुत लेखात सांगावयाचे ते हेच की, बहुधा बुद्धी कमी पडलेली नसते. न समजलेली गोष्ट विचारावयाची लाज वाटली, आणि ती लाज दिवसेंदिवस साचत गेली, एवढेच झालेले असते.

पहिल्या सत्रात गांगरून जाणे हे काही मंदबुद्धीचे लक्षण नव्हे, ह्याची साक्ष थोरांच्या चरित्रांतही सापडते. मोहनदास गांधी १८८७ साली मॅट्रिक झाले व पुढे भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांस सर्वच कठीण वाटू लागले. व्याख्याने समजत ना, त्यांत गोडी वाटे ना. पहिले सत्र संपताच ते घरी परतले. आत्मकथेत त्यांनी प्राध्यापकांस दोष दिलेला नाही. आपणच कच्चे होतो, असे ते म्हणतात. हेच गृहस्थ १८८८ साली विलायतेस गेले आणि १८९१ साली बॅरिस्टर झाले. डोके तेच होते. गणिती श्रीनिवास रामानुजन ह्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. १९०४ साली ते शिष्यवृत्ती मिळवून कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात गेले. पण गणितावाचून दुसऱ्या विषयांत त्यांनी मनच घातले नाही, तेव्हा त्या विषयांत ते नापास झाले व शिष्यवृत्तीही गेली. ही उदाहरणे कोणी आपल्या नापास होण्याचे भूषण म्हणून सांगत सुटू नये. गांधींच्या मागे त्यांस परदेशी पाठविणारे घर होते. मजुरी करून मुलास शिकविणाऱ्या बापाजवळ दुसऱ्या खेपेचे पैसे नसतात, म्हणून पहिलीच खेप सांभाळली पाहिजे.

आता शाळा आणि कॉलेज ह्यांत भेद कोणता, हे नीट पाहू. शाळेत गुरुजी मुलाच्या वहीत डोकावतात, गैरहजर राहिल्यास घरी निरोप धाडतात. कॉलेजात हे कोणी करीत नाही. प्राध्यापक येतात, शिकवितात व जातात. समोर शंभर मुले असतील तर कोणाच्या चेहऱ्यावर गोंधळ आहे हे त्यांस दिसावे तरी कसे? शाळेत न विचारणारा मुलगाही तरून जातो, कारण गुरुजीच त्याला विचारतात. कॉलेजात न विचारणारा मुलगा हा जणू तेथे नसतोच.

दुसरी गोष्ट वेळेची. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीचा अभ्यास श्रेयांकांत मोजतात. हा शब्द ऐकून नवे विद्यार्थी बिचकतात, पण हिशेब सोपा आहे. वर्गात १५ तास शिकविले म्हणजे एक श्रेयांक. प्रयोगशाळेत त्यासाठी ३० तास लागतात. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक लागतात, म्हणजे एका सत्रास सुमारे २०. एखादा विषय चार श्रेयांकांचा असेल तर त्याचे ६० तास होतात, म्हणजे आठवड्यास चार तास धरल्यास पंधरा आठवडे. गावची जत्रा व मामाच्या मुलीचे लग्न ह्यांसाठी दोन आठवडे घरी राहिलात, तर त्या एका विषयाचे आठ तास गेले. आणि असे विषय एका सत्रात अनेक असतात. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरी आवश्यक धरतात. उरलेले २५ टक्के ही हक्काची सुटी आहे असे पुष्कळांस वाटते. ती आजारपणासाठी व एस.टी. बंद पडली तर, म्हणून राखून ठेवावी. शिवाय गुणांपैकी काही भाग सत्र चालू असतानाच चाचण्या, प्रकल्प इत्यादींवरून दिला जातो. परीक्षेच्या आधी महिनाभर रात्री जागून सर्व भरून काढू, हा शाळेतला हिशेब येथे चालत नाही.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि लाजेचे मूळ बहुधा हेच होय. मराठी शाळेतून आलेला मुलगा विज्ञानशाखेस गेला म्हणजे अकरावीसच इंग्रजीची गाठ पडते. पण तेथे गाइड, तयार उत्तरे आणि शिकवणी ह्यांच्या आधाराने दोन वर्षे निघून जातात. पदवीच्या वर्गात हे आधार सुटतात. प्राध्यापक अखंड इंग्रजीत बोलू लागतात, शेजारी बसलेला शहरी मुलगा मान डोलावतो, आणि आपल्या मुलास वाटते की सर्वांना समजले, मीच अडाणी. वास्तविक मान डोलावणाऱ्यांपैकी निम्म्यांस काही समजलेले नसते! ते असो. ह्या मुलाने हे ध्यानात धरावे की, त्याला वस्तू ठाऊक आहे, केवळ तिचे दुसरे नाव ठाऊक नाही. व्हेलॉसिटी म्हणजे वेग, अ‍ॅक्सिलरेशन म्हणजे त्वरण, मोमेंटम म्हणजे संवेग. हे सर्व तो शाळेत शिकून आलेला आहे. अर्थशास्त्रातील डिमांड व सप्लाय म्हणजे मागणी व पुरवठा. आणि भाजीबाजारात टोमॅटोचा भाव पडताना ज्याने पाहिला आहे, त्याला ते शहरी मुलापेक्षा अधिक कळते.

ह्यासाठी एक साधा उपाय सांगतो. प्रत्येक विषयास एक लहान वही करावी व पानाच्या मधोमध रेघ ओढावी. डावीकडे वर्गात ऐकलेला नवा इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ व आपल्या ओळखीचे एक उदाहरण लिहावे. रोज प्रत्येक विषयाचे पाच शब्द पुरेत. शब्द कानाने जसा ऐकू आला तसाच आधी देवनागरीत लिहून ठेवावा. स्पेलिंग मागाहून ग्रंथालयात पाहता येते. पुष्कळ मुले स्पेलिंग येत नाही म्हणून शब्दच लिहीत नाहीत, आणि शब्द लिहिलेला नाही म्हणून पुढे विचारावयासही काही उरत नाही. कला व वाणिज्य शाखांच्या अनेक विषयांत उत्तरे मराठीत लिहिण्याची मुभा कित्येक विद्यापीठे देतात. आपल्या विषयास ती आहे किंवा नाही हे पहिल्याच आठवड्यात कार्यालयात चौकशी करून निश्चित करावे.

आता विचारावे कसे? भर वर्गात हात वर करून इंग्रजीत प्रश्न विचारणे पहिल्या महिन्यात कोणालाही अवघडच जाते, आणि तसे न केल्याने काही बिघडत नाही. प्रश्न कागदावर मराठीत लिहून काढावा. 'सर, मला काही समजले नाही' हा प्रश्न नव्हे; त्याला प्राध्यापक तरी काय उत्तर देणार? 'सर, दुसऱ्या पायरीपर्यंत समजले, तिसरी कशी आली ते समजले नाही' हा प्रश्न होय. तास संपल्यावर प्राध्यापक दाराबाहेर पडतात तेव्हा, अथवा ते आपल्या विभागात बसलेले असता, दोन मिनिटांत असा प्रश्न विचारता येतो. एखादे प्राध्यापक घाईत असतील, एखादे चिडतीलही. तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. मोबाइलवर विचारलेल्या प्रश्नाचे तयार उत्तर तत्काळ मिळते हे खरे, व शब्दार्थ पाहण्यास ते साधन उत्तम आहे. परंतु तुम्ही नेमके कोठे अडलात हे तुमच्या वहीवर बोट ठेवून दाखविणारा मनुष्य निराळा असतो. असा मनुष्य पहिल्या महिन्यात गाठून ठेवावा. तो प्राध्यापकच पाहिजे असे नाही. दुसऱ्या वर्षातील एखादी विद्यार्थिनी, ग्रंथपाल, किंवा आपल्याच तालुक्यातून पूर्वी तेथे गेलेला कोणी चालेल.

पैशाविषयीही अशीच लाज आड येते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो, आणि एकदा मिळाली म्हणजे आपोआप चालू राहते असे नाही. दरवर्षी तिचे नूतनीकरण करावे लागते. बँकेचे खाते आधारशी जोडलेले नसल्यास मंजूर रक्कमही अडकून पडते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रके व शाळा सोडल्याचा दाखला ह्यांच्या चार-चार छायाप्रती काढून घरी ठेवाव्यात. मूळ कागद कोणास दिल्यास पोच घ्यावी. वसतिगृहात राहणाऱ्या, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांस डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांच्या नावाने निर्वाहभत्त्याची योजना आहे, तिचीही चौकशी करावी. 'कमवा व शिका' योजनेत काम करण्यास काही मुले संकोचतात. त्यांनी कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांची आठवण ठेवावी. त्यांनी १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते ह्याच तत्त्वावर, आणि हातांनी काम करून शिकलेल्या मुलांच्या कित्येक पिढ्या रयत शिक्षण संस्थेतून बाहेर पडल्या.

छळाविषयी दोन शब्द. नव्या मुलांस थट्टेच्या नावाखाली त्रास देणे हा महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने गुन्हा ठरलेला आहे, व विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम प्रत्येक कॉलेजास लागू आहेत. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा विनाशुल्क क्रमांक आहे. तो मुलाच्या व आईच्याही फोनमध्ये लिहून ठेवावा. येथेही गप्प बसणे हाच मोठा धोका होय.

शेवटी पालकांस विनंती. मुलगा अथवा मुलगी दिवाळीस घरी येईल तेव्हा 'किती मार्क पडले?' हा पहिला प्रश्न करू नका. त्याचे उत्तर खोटे मिळण्याचा संभव असतो, आणि खोटे एकदा सांगितले की पुढचे सगळेच झाकावे लागते. 'कोणते प्राध्यापक तुला नावाने ओळखतात? गेल्या पंधरा दिवसांत काय समजले नाही, आणि ते तू कोणास विचारलेस?' असे विचारा. शब्दांची वही उघडून दाखवावयास सांगा. तुम्हांस इंग्रजी येत नसले तरी उजवीकडची मराठी वाचता येईल, आणि तीही वाचता येत नसेल तर किती पाने भरली एवढे तरी दिसेल. एकही प्राध्यापक नावाने ओळखत नाही असे उत्तर आले, तर रागावू नका. सुटी संपल्यावर एक दिवसाची मजुरी बुडवून मुलाबरोबर कॉलेजात जा. फाटकापाशी संकोचून उभे राहू नका. कार्यालयात विचारा की, ह्या वर्गाची देखरेख कोणत्या प्राध्यापकांकडे आहे, आणि त्यांस भेटून सांगा, 'हा माझा मुलगा, घरी हुशार आहे, पण विचारावयास भितो.' पहिल्या सत्राची परीक्षा होण्यापूर्वी एवढे झाले, तर वेळ गेलेली नसते.