जुन्या जीपचा पट्टा चढवताना

तेलगावहून धारूरला जायचं म्हणजे घाट आला, आणि आपल्या भागात जुन्या डिझेल जीपा अजून धावतात. फॅन बेल्ट तुटला की इंजिन तापतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण यातल्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो. पट्टा गेला की पंप थांबतो. साठलेल्या व्हॅक्यूमवर एकदोन ब्रेक लागतात, मग पेडल घट्ट होतं आणि सगळा जोर पायाने लावावा लागतो. त्यामुळे चिरा पडलेला पट्टा घाट चढण्याआधीच बदला.

इंजिन थंड होऊ द्या, किल्ली काढून खिशात ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेत गाडी बंद असतानाही करंट असतो. पाना तिथे टेकला तर ठिणगी उडते.

आता पाना बाजूला ठेवून पट्ट्याचा मार्ग नीट बघा आणि मोबाइलवर फोटो काढा. साध्या गाडीत हा त्रिकोण असतो: खाली क्रँकची पुली, मध्ये पंखा आणि वॉटर पंप, बाजूला अल्टरनेटर. पॉवर स्टिअरिंग किंवा एसी असेल तर आणखी पट्टे असतात. त्यांत इंजिनाकडचा पट्टा काढायचा तर आधी पुढचा उतरवावा लागतो. चढवताना क्रम उलटा.

अल्टरनेटरचा खालचा मुख्य बोल्ट आणि ताणाच्या पट्टीचा बोल्ट ढिला करा, पूर्ण काढू नका. अल्टरनेटर इंजिनाकडे ढकला, मात्र व्हॅक्यूमचा आणि ऑइलचा पाइप ओढला जाणार नाही हे बघा. पट्टा सैल पडला की पंख्याच्या एकेका पात्यावरून बाहेर घ्या. पुल्या मोकळ्या आहेत तोवर हाताने फिरवा. वॉटर पंप डगमगला किंवा घरघरला तर नुसता पट्टा बदलून भागणार नाही.

जुन्या पट्ट्यावरचा नंबर दाखवूनच नवा घ्या. ताणून ताणून लांबलेल्या पट्ट्याशी माप जुळवू नका. नवा पट्टा पात्यांवरून आत घ्या, आधी पंख्याच्या, मग क्रँकच्या खाचेत बसवा, अल्टरनेटर शेवटी. स्क्रूड्रायव्हरने रेटून चढवलात तर आतले धागे तुटतात. व्ही पट्टा खाचेच्या दोन्ही भिंतींवर धरतो. तळाला टेकला तर तो चुकीच्या मापाचा आहे. बारीक रेघांचा चपटा पट्टा असेल तर रेघा रेघांच्या पुलीवर आणि गुळगुळीत पाठ गुळगुळीत पुलीवर यायला हवी. मार्ग चुकला तर वॉटर पंप उलटा फिरेल आणि पट्टा नवा असूनही इंजिन तापेल.

ताण देताना टॉमी अल्टरनेटरच्या पुढच्या मजबूत भागाला लावा, मागे व्हॅक्यूम पंपाला नको. सगळ्यांत लांब भागावर मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण 10 ते 12 मिलिमीटर दबला की पुरे; त्याच ताणावर दोन्ही बोल्ट आवळा. ‘तारेसारखा ताठ’ करण्याची हौस बेअरिंगला महागात पडते.

तार जोडून गाडी दहा मिनिटं चालवा, बंद करून ताण पुन्हा बघा. हेडलाइट लावल्यावर पट्टा ओरडला तर तो ढिला आहे. त्याला साबण चोळू नका, बोल्ट सोडून ताण द्या. नवा पट्टा सुरुवातीला थोडा लांबतोच, तेव्हा 200 किलोमीटरच्या आसपास एकदा अंगठा लावून बघा.