पाय उचलून हृदयाची परीक्षा

रुग्णाचा रक्तदाब उतरला की शिरेतून सलाईन चढवितात, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. बाटली लागली म्हणजे नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. पाणी कमी पडले तर पाणी द्यावे, यात विचार करण्याजोगे काय आहे, असे आम्हांसही वाटे. परंतु अतिदक्षता विभागातील डॉक्टरांपुढे हाच प्रश्न बिकट असतो. तेथील सुमारे निम्म्याच रुग्णांच्या हृदयास अशा द्रवाचा उपयोग होतो; इतरांत तो फुप्फुसांत झिरपून श्वास कोंडण्याची भीती असते. युगांडा, केनिया व टांझानिया येथील तीन हजारांहून अधिक तापकरी, अत्यवस्थ मुलांवरील अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना भराभर द्रव दिला, त्यांच्यांतच मृत्यू अधिक झाले!

याचे मर्म हृदयाच्या स्नायूत आहे. जर्मनीत ओट्टो फ्रांक यांनी 1895 मध्ये व पुढे इंग्लंडात अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी दाखविले की, हृदय भरताना त्याचा स्नायू जितका ताणला जाईल, तितक्या जोराने तो आकुंचन पावतो. मात्र यास मर्यादा आहे. भरल्या घागरीत आणखी ओतून काय होणार?

हृदय या मर्यादेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे सुई न टोचता ओळखण्याची एक युक्ती आहे. रुग्णास प्रथम अर्धवट बसते ठेवतात. मग खाटेचा कल बदलून धड आडवे व पाय सुमारे 45 अंश वर करतात. पाय व पोट यांच्या शिरांतील सुमारे 300 मिलिलिटर रक्त छातीकडे वळते. रुग्णास त्याचेच रक्त घटकाभर उसने मिळते म्हणा ना. पाय खाली करताच ते परत जाते! केवळ रक्तदाब पाहून येथे भागत नाही. छातीवर सोनोग्राफीचे यंत्र टेकवून हृदयातून बाहेर पडणारे रक्त मोजावे लागते. मिनिटभरात ते सुमारे दहा टक्के वाढले, तर द्रवाचा उपयोग होईल असे समजतात. फ्रान्समधील झाव्हिए मॉने, झाँ-लुई तेबूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली अतिदक्षता विभागातील रुग्णांत ही परीक्षा पारखून पाहिली.

पाय हातांनी ओढून उचलू नयेत. वेदनेनेही हृदय जोरात चालू लागते व उत्तर चुकते. पोटात दाब वाढला असल्यासही परीक्षा फसते. शिवाय उत्तर ‘होय’ आले म्हणजे बाटली लावलीच पाहिजे असे नव्हे. धडधाकट माणसाचे हृदयही बहुधा ‘होय’च म्हणेल, आणि त्याला सलाईन कोण लावतो?