मसाई मारा व्हाया घोरावाडी

हॉस्टेलमध्ये दर वर्षी एक तरी भिडू कॅमेरा विकत घेतोच. आठवड्याभरात मेसच्या मांजराचे दोनशे फोटो निघतात, आणि मग साहेबांना आफ्रिका खुणावू लागते. स्वप्न चांगलंच आहे. केनियाला जायचं तर यलो फीवरची लस निदान 10 दिवस आधी घ्या. दाखला नसेल तर परतल्यावर आपल्याच विमानतळावर 6 दिवसांपर्यंत अडकून पडाल. बाकी तिकिटाचे पैसे जमेपर्यंत करायचं काय, त्यासाठी हा लेख.

पुणे-लोणावळा लोकलने घोरावाडीला उतरा आणि घोरावडेश्वराचा डोंगर चढा. वर बौद्ध लेणी आहेत, त्यातल्या एकात शंकराची पिंड. ती बघालच, पण आपलं काम उतारावरच्या गवतात आहे.

आधी गणित, कारण शेवटी आपण इंजिनिअर. सेन्सरवर पडणारी प्रतिमा म्हणजे फोकल लेंथ गुणिले वस्तूची लांबी भागिले अंतर. 250 मिमीची लेन्स, 1 मीटर लांबीचं हरिण, 100 मीटर अंतर: प्रतिमा आली अडीच मिमी. आपल्या साध्या डीएसएलआरचा सेन्सर साधारण 22 मिमी रुंद, म्हणजे हरणाने फ्रेमचा जेमतेम 11 टक्के भाग व्यापला. मारामधला सिंह जीपला इतका सरावलेला असतो की 15 मीटरवर जांभया देत बसतो. आपली चिंकारा तेवढी जवळ कधीच येऊ देत नाही. म्हणून माझं तर मत आहे, इकडे ज्याचा हात बसला त्याला तिकडे सोपं जाईल.

आता ते हरिण सेकंदाला 15 मीटर वेगाने पळालं असं धरा. सेन्सरवर प्रतिमा सेकंदाला साडेसदतीस मिमी सरकते. शटर 1/1000 ठेवलं तरी तेवढ्यात ती 0.0375 मिमी सरकली. एक पिक्सेल साधारण 0.0037 मिमीचा, म्हणजे 10 पिक्सेलचा फराटा! नुसतं शटर वाढवून भागत नाही, प्राण्याच्या वेगाने कॅमेराही फिरवावा लागतो. यालाच पॅनिंग म्हणतात. सराव माळावरच्या शेळ्यांवर करा. धनगराला आधी विचारा, एवढंच.

आणि प्रकाश. 'आफ्रिकेतला सोनेरी प्रकाश वेगळाच' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. विषुववृत्तावर संपाताच्या दिवशी सूर्य सरळ वर चढतो, तासाला 15 अंश. आपण 18.7 उत्तर अक्षांशावर, म्हणून इथे 15 गुणिले कॉस 18.7, म्हणजे 14.2 अंश. क्षितिजापासून 6 अंश वर यायला तिकडे 24 मिनिटं, इकडे 25. फरक मिनिटभराचा! तिकडे उजवं काय, तर मोकळं क्षितिज. इथे पायथ्याशी उभे राहिलात तर डोंगराआडून ऊन येईपर्यंत ती 25 मिनिटं संपतात. म्हणून अंधारात चढा, टॉर्च घेऊन, आणि एकट्याने नको.

वर हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबलेला पांढरा-करडा पक्षी दिसला तर ती कापशी घार. हीच जात आफ्रिकेच्या माळांवरही आहे. खाली उंदीर शोधत ती क्षणभर स्थिर राहते, तेवढ्यात 1/1000 ने टिपा.

आता थोडं गंभीर. लोणावळ्याला वर्षाला 4000 मिमीच्या वर पाऊस, पुण्याला 700 च्या आसपास. घोरावाडी या उताराच्या अधेमधे. पुण्याच्या पूर्वेला सुपे, बारामती, इंदापूरकडे गेलात की सलग गवत आणि मधूनमधून बाभळी-बोरी. अभ्यासक याला सरळ सॅव्हाना म्हणतात, आफ्रिकेला म्हणतात तसंच. तिथे चिंकारा, लांडगा, तरस आहेत. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम 5.14 चौरस किमीचं. वनविभागाने 2024 मध्ये इंदापूर-बारामती भागात गवताळ सफारीही सुरू केली. चित्ताही या माळांचाच. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवत, आणि देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणले. 1952 मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं, आणि 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियाचे 8 चित्ते मध्य प्रदेशात कुनोला उतरले.

एवढं असून सरकारी कागदावर असा माळ बऱ्याचदा 'पडीक' ठरतो. पडीक म्हटलं की दोनच गोष्टी होतात. प्लॉट पडतात, नाहीतर हौसेने झाडं लावली जातात. आपल्या एनएसएसच्या मंडळींना राग येईल, पण गवताळ माळावर गिरिपुष्पाची रांग लावली की सावलीत गवत मरतं. मग चंडोल आणि टिटवीने जायचं कुठे? झाडं जरूर लावा, आधी तिथे काय उगवतंय ते बघून.

दुसरा शत्रू वणवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मावळातले डोंगर पेटतात. 'जाळलं की गवत चांगलं येतं' असं सांगतात. पण टिटवी मार्चपासून उघड्या जमिनीवर अंडी घालते, आणि ती खड्यांसारखीच दिसतात. त्या दिवसांत पायवाट सोडू नका. टिटवी डोक्यावर ओरडू लागली तर अंडी जवळच आहेत. तिथे फोटो नको, आल्या वाटेने मागे फिरा.

जळालेला उतार दिसला तर त्याचा मात्र फोटो काढा. त्याच जागेवरून, त्याच लेन्सने, दर महिन्याला एक. जूनपर्यंत पाच फोटो होतील. ते आणून द्या, पुढच्या अंकात शेजारी शेजारी छापू.