‘हॅव’ या क्रियापदाची मराठी

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलांना ‘हॅव’ हे क्रियापद अगदी आरंभीच भेटते. शब्दार्थांच्या यादीत त्याचा अर्थ ‘जवळ असणे’ असा दिलेला असतो. तो पाठ करावयास सोपा. पण तेवढ्यावरच विसंबून भाषांतर करावयास बसले, की ‘माझ्याजवळ दोन भाऊ आहेत’ असे वाक्य वहीत उतरते. भाऊ म्हणजे काय खिशातील पैसे?

जुन्या इंग्रजीत या शब्दाचे रूप ‘हब्बन’ असे होते आणि त्याच्या मुळाशी हाताने पकडण्याची कल्पना आहे. ज्याने धरले, तो वाक्याचा कर्ता. मराठीत असे क्रियापद नाही, संस्कृतातही नव्हते. आपण ‘असणे’ या क्रियापदावर काम भागवितो. जे असते ते कर्ता होते, आणि ज्याचे असते तो माणूस बाजूस उभा राहतो.

मात्र तो कोठे उभा राहतो, हे मराठी फार बारकाईने पाहते. नाते असेल तर ‘मला दोन भाऊ आहेत.’ पैसे खिशात असतील तर ‘माझ्याजवळ दहा रुपये आहेत’. परंतु ‘त्यांच्याकडे पैसा आहे’ म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खिसा येत नाही, श्रीमंती येते. शेजाऱ्याचे पुस्तक वाचावयास आणले असेल तर ‘तुमचे पुस्तक माझ्याकडे आहे’. येथे ताबा आपला, मालकी त्याची. म्हणूनच एखाद्या बाई ‘माझ्याकडे दोन मुले आहेत’ म्हणाल्या, तर ती मुले शिक्षणासाठी त्यांच्या घरी राहिलेली असावीत असे वाटते. ‘मला दोन मुले आहेत’ म्हणणारी त्यांची आई. केवढा हा फरक! इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘हॅव’ चालते. गुण असेल तर तो अंगी असतो : ‘तिच्या अंगी धैर्य आहे.’ घराला खिडक्या असतात, गाईला शिंगे असतात.

‘हॅव’चे इतर उपयोग सोपे आहेत. इंग्रज चहाही ‘हॅव’ करतो. आपण तो घेतो. ‘आय हॅव टू गो’ म्हणजे ‘मला जावे लागेल’ किंवा ‘मला जायचे आहे’; यांतील कोणते, ते प्रसंग सांगतो.

स्वाध्याय : ‘आय हॅव युवर पेन’, ‘शी हॅज अ कोल्ड’ आणि ‘द चेअर हॅज थ्री लेग्ज’ या वाक्यांचे मराठीत भाषांतर करा. एकाही वाक्यात ‘जवळ’ हा शब्द वापरू नका.