भाषण राहू दे, सोप्यात बस

शिरोळ तालुक्यात जागृतीचं काम करायला निघालीस, कानावर आलं. बरं वाटलं. थोडी काळजीही वाटली, कारण तुझ्या पिशवीत पत्रकं आहेत, फलक आहे आणि पाठ केलेलं भाषण आहे. 25 नोव्हेंबर ते 10 डिसेंबर असे सोळा दिवस जगभर बायकांवरच्या हिंसेविरुद्ध पाळतात. त्या दिवसांत तुझ्यासारख्या मुली गावोगाव जातात, फोटो निघतात, चहा होतो आणि गाडी कोल्हापूरला परत येते. सतरावा दिवस कुणाच्या हिशेबात नसतो. माझं जे काही सांगणं आहे ते त्या सतराव्या दिवसापासूनचं आहे.

ज्या भागात जाणार आहेस तिथं आधी हेरवाड समजून घे. कुरुंदवाडजवळचं गाव. 4 मे 2022 ला तिथं ठराव झाला, की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. सरपंच होते सुरगोंडा पाटील. शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं व्हायला दोनच दिवस राहिले होते. ज्यांच्या संस्थानात 1917 साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला, त्यांच्या मुलखाला हे शोभून दिसलं. कोरोनात किती घरांतला कर्ता माणूस गेला होता ते आठव, म्हणजे ठराव नेमका तेव्हाच का आला ते कळेल. मूळ कल्पना सोलापूरकडच्या करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांची. त्यांनी लोकांना उपदेश करायच्या आधी शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर लिहून दिलं, की माझ्या मागं माझ्या बायकोवर हे लादू नका. मला हा माणूस त्याचसाठी आवडतो. हेरवाडपाठोपाठ हातकणंगले तालुक्यातल्या माणगावनं तसाच ठराव केला, 1920 साली बहिष्कृत वर्गाची परिषद झाली तेच माणगाव. 17 मेला राज्य सरकारनंही परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं.

तुला गावात कुणीतरी विचारेलच, "कुंकू पुसलं म्हणजे काय अत्याचार झाला व्हय? रीत हाय ती." तेव्हा वाद घालू नकोस, नेमकं काय घडतं तेवढं सांग. अंगणात मयत ठेवलेली असते, बाईला अजून काय घडलंय तेही उमगलेलं नसतं, आणि चौघीजणी तिचे हात धरतात. कुणीतरी दगड आणतं. काच मनगटात घुसते, रक्त येतं, ती हात सोडवायला बघते, आणि सगळं गाव उभं राहून बघत असतं. हात कुणाचे असतात? जावांचे, नणंदांचे, शेजारणीचे. पुष्कळदा त्यांतल्या एखादीच्या स्वतःच्या बांगड्या अशाच कधीतरी फुटलेल्या असतात. त्यातली एकही बाई दुष्ट नसते. म्हणून तर हे काम अवघड आहे, बाई. इथं खलनायक सापडत नाही आणि खलनायकाशिवाय आपल्याला भाषण जमत नाही.

पथनाट्याचंही तेच होतं. त्यात नेहमी दारुडा नवरा दाखवतात. लोक हसतात, टाळ्या वाजवतात. पण सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला, पगार वेळेवर घरी आणणारा, चारचौघांत बायकोला 'अहो' म्हणणारा आणि दार लावून तिचे केस धरणारा नवरा त्या नाटकात कुणाला दिसत नाही. त्याची बायको पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत असते.

तिच्यापर्यंत पोचायचं तर माईक बाजूला ठेव. भिशीला जा, बचत गटाच्या बैठकीला जा, सोप्यात बसून शेंगा सोलू लाग. 'नवरा मारतो का' असं सगळ्यांसमोर विचारशील तर एकच उत्तर येईल, "आमच्यात नसतं तसलं काय." त्यापेक्षा विचार, म्हशीची धार कोण काढतं? शेणघाण कोण करतं? मग दुधाचं बिल कुणाच्या खात्यावर जमा होतं? माहेरी फोन करायचा तर कुणाला विचारावं लागतं? एवढ्यावर बायका हसतात, एकमेकींकडे बघतात, आणि एखादी गप्प होते. त्या गप्प झालेलीकडे लक्ष ठेव, पण तिथल्या तिथं तिला बोलतं करू नकोस. निघताना तिच्या दारावरून जा, प्यायला पाणी माग.

आकडा लक्षात ठेवायचाच तर हा ठेव. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या हिंसा सोसलेल्या बायकांपैकी 77 टक्के जणींनी कुणाकडं मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. म्हणजे ती तुझ्याशी बोलली, तर बहुधा तूच पहिली. तेव्हा 'तू काय केलंस म्हणून मारलं' हा प्रश्न जिभेवर आला तरी गिळून टाक. आणि 'सोडून दे त्याला' हेही म्हणू नकोस. बाई निघून जायला लागते तेव्हाच धोका सगळ्यात जास्त असतो. कधी निघायचं ते ती ठरवेल. तू तोवर तयारीला मदत कर. आधार कार्ड, पासबुक, मुलांचे दाखले, थोडे पैसे विश्वासाच्या एका घरी ठेवलेले बरे. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात नेऊन केसपेपरवर खरं कारण लिहून घ्यायचं, 'पाय घसरून पडले' नाही. तिच्या फोनवर मेसेज अजिबात पाठवू नकोस. तो फोन रात्री कुणाच्या हातात असतो ते तुला ठाऊक नाही.

कायद्याची पाठ्यपुस्तकी माहिती कुणाला नको असते, पण चार गोष्टी तुझ्या तोंडावर हव्यात. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात मारहाण येते, जबरदस्ती येते, शिव्या-टोमणे येतात आणि पैसे अडवून ठेवणंही येतं. तो फक्त बायकोसाठी नाही. त्याच घरातली बहीण, आई, सासू, विधवा सून, सगळ्या त्यात येतात. तक्रार तिनंच करायला हवी असंही नाही. शेजारणीनं चांगल्या हेतूनं या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवलं तर तिच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. हे मुद्दाम सांग, कारण 'आपण कशाला मधी पडा' म्हणून अर्धं गाव गप्प असतं. आणि वकिलाचे पैसे नाहीत म्हणणारीला सांग, की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

विधवेच्या घराचं तर जरा सावकाश सांग, कारण बांगड्या वाचल्या तरी घर जातं. तेराव्यानंतर दीर म्हणतो, आता माहेरी जा. हेरवाडच्या ठरावानंतर आठच दिवसांनी, 12 मे 2022 ला, सर्वोच्च न्यायालयानं उत्तराखंडमधल्या एका विधवेच्या खटल्यात निकाल दिला, की तक्रारीच्या वेळी ती सासरी प्रत्यक्ष राहत नसली तरी त्या सामाईक घरात राहण्याचा हक्क ती मागू शकते. घर सासऱ्याच्या नावावर आहे एवढंच सांगून तिला उडवून लावता येत नाही. ठरावाची बातमी सगळीकडं झाली, या निकालाची गावात कुणाला खबर नाही. ती तू पोचव.

आणि ठराव कागदावर आहे म्हणून निश्चिंत राहू नकोस. मयताच्या दिवशी कुणी इतिवृत्त काढून वाचत नाही. त्या दिवशी अंगणात 'थांबा, तिला हात लावू नका' म्हणणारी एक म्हातारी लागते. तिला आधी गाठ. आशाताई, पोलीस पाटील, भजनी मंडळातले दोन वडीलधारे, यांच्याशी सगळं सुरळीत असतानाच बोलून ठेव. दुःखाच्या घरी कुणी नवी गोष्ट ऐकून घेत नाही.

181 आणि 112 हे मदतीचे नंबर पत्रकावर मोठे छाप, पण बायकांकडून पाठही करून घे. पत्रक घरी नेता येत नाही, पाठ केलेलं नेता येतं.

आता एक काम सांगते. मोहीम 10 डिसेंबरला संपेल, आणि महिन्याभरात संक्रांतीची हळदी-कुंकवं सुरू होतील, ती रथसप्तमीपर्यंत चालतील. प्रत्येक गावात नवरा गेलेल्या बायकांच्या घरी तू स्वतः जा, बोलावणं पहिलं त्यांना दे आणि वाण त्यांच्या हातून वाटायला लाव. कुणी नाक मुरडलं, कुणी उठून गेलं, तर कुठल्या घरी ते मला कळव. तिथं आपण दोघी मिळून जाऊ.