मोबाईल गुरुजींच्या हाती, मुले मैदानावर

शाळेच्या वेळापत्रकात 'शा. शि.' असा एक तास असतो. पुष्कळ ठिकाणी तो राहिलेले गणित पूर्ण करण्यात जातो, नाहीतर मुलांना पटांगणात मोकळे सोडण्यात. यात गुरुजींचा दोष थोडा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अंशकालीन शारीरिक शिक्षण निदेशकाची तरतूद केली, ती सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील तर. पहिली ते पाचवीसाठी वेगळा शिक्षक नाही. साहजिकच यावल, चोपडा काय किंवा साक्री, शिंदखेडा काय, लहान शाळेत भाषा शिकविणारे आणि कवायत घेणारे गुरुजी एकच.

मुलांच्या शरीराची गरज मात्र थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलाने रोज सरासरी किमान ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. हाडे व स्नायू बळकट करणारे खेळ आठवड्यातून किमान तीन दिवस हवेत. लंगडी, लगोरी, खो-खो, सूरपारंब्या यांत हे आपोआप साधते.

मग मोबाईलचा काय उपयोग? मोबाईलनेच मुले घरात बसविली, ही तक्रार खोटी नाही. पण तोच मोबाईल मुलाच्या हाती न राहता गुरुजींच्या हाती आला तर चित्र बदलते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. पुस्तकातला धडा असा डोळ्यांपुढे उभा राहतो, तसा व्यायामप्रकारही राहू शकतो.

सोपी उदाहरणे पाहू.

१) उभ्याने लांब उडी मारताना बरीच मुले गुडघे ताठ ठेवून टाचांवर आदळतात. हा झटका गुडघ्यांना व कमरेला बसतो. उडीचे चित्रण करून संथ गतीने दाखविले की मुलाला आपली चूक स्वतःच दिसते. पुढच्या उडीत गुडघे वाकवून उतरायला ते चटकन शिकते.

२) 'खेलो इंडिया'च्या शारीरिक क्षमता चाचण्यांत लहान मुलांसाठी दोन गमतीच्या चाचण्या आहेत. पहिली तोल सांभाळण्याची. ५० सें.मी. लांब, ५ सें.मी. उंच व ३ सें.मी. रुंद लाकडी पट्टीवर एका पायावर बगळ्यासारखे उभे राहायचे आणि एका मिनिटात तोल किती वेळा गेला ते मोजायचे. पट्टी गावचा सुतार करून देईल. दुसरी हाताच्या चपळाईची. टेबलावर खडूने २० सें.मी. व्यासाची दोन वर्तुळे काढावीत, मध्यबिंदूंत ६० सें.मी. अंतर ठेवावे. एक हात मधोमध स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने दोन्ही वर्तुळांना आलटून पालटून स्पर्श करीत २५ फेऱ्या करायच्या. वेळ मोबाईलच्या घड्याळावर घ्यावी. जूनचा आकडा आणि मार्चचा आकडा शेजारी ठेवला की प्रगती कळते. तुलना मुलाची स्वतःशीच व्हावी, शेजाऱ्याशी नको.

३) उंची-वजनाची नोंद ठेवताना एक चूक हमखास होते. २५ किलो वजनाच्या व १२८ सें.मी. उंचीच्या नऊ वर्षांच्या मुलाचा बीएमआय १५.३ येतो. मोठ्यांच्या तक्त्यात हा आकडा 'कृश' ठरतो, पण या वयाला तो योग्यच आहे. म्हणून वय व लिंगानुसार असलेला मुलांचाच तक्ता वापरावा. शंका आल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. वर्गात कोणाचेही वजन मोठ्याने वाचू नये.

आता पथ्य. पडदा दोन मिनिटे, मैदान पंचवीस मिनिटे, हा हिशेब पाळावा. उन्हात पडदा दिसत नाही, म्हणून चित्रण वर्गात किंवा निंबाच्या सावलीत दाखवावे. खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो. तेव्हा पळण्याचे खेळ सकाळी ऊन चढण्याआधीच उरकावेत आणि मधूनमधून पाणी द्यावे. डोके दुखते, मळमळते असे मूल म्हणाले तर त्याला लगेच सावलीत आणावे. मूल असंबद्ध बोलू लागले तर ओल्या फडक्याने अंग पुसत तातडीने दवाखाना गाठावा. मुलांचे चित्रण पालकांच्या संमतीनेच करावे. ते व्हॉट्सॲपवर फिरवू नये, काम झाले की पुसून टाकावे.

पालकांनी संध्याकाळी मुलाला एकच प्रश्न विचारावा : "आज शाळेत काय खेळलास?" 'काहीच नाही' हे उत्तर वारंवार आले, तर पुढच्या पालकसभेत गणिताच्या गुणांबरोबर शा. शि.च्या तासाचीही चौकशी करावी. वेळापत्रकातला तो तास मुलांच्या हक्काचा आहे.