संमतीपत्रावर सही करावी का?

प्रश्न: न्यू जर्सीतल्या फेडरल कोर्टात माझा नोकरीविषयक दिवाणी दावा आहे. तो मॅजिस्ट्रेट जजकडे चालवण्यासाठी संमतीपत्र आलंय. नकार दिल्यास नुकसान होईल का?

उत्तर: अजिबात नाही. नकार हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. पण घाईने नाही म्हणू नका. या न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्ष नव्हे, डिस्ट्रिक्ट कोर्टाचे न्यायाधीश ८ वर्षांसाठी नेमतात. वॉरंट, जामीन ही त्यांची नेहमीची कामं. गंभीर गुन्ह्यांचे खटले मात्र ते चालवत नाहीत. अशा खटल्यांना कोर्टात अग्रक्रम मिळतो, पण ते त्यांच्याकडे नसल्यामुळे त्यांच्याकडची दिवाणी तारीख सहसा पुढे ढकलली जात नाही, आणि तुमच्यासारख्या दाव्यात हे मला फार मोलाचं वाटतं. सर्व पक्षकारांची संमती असल्यास निकालही तेच देतात. अपील थेट सर्किट कोर्टात जातं. संमती नसल्यास दावा निकाली काढणाऱ्या अर्जांवर ते फक्त शिफारस करतात. तिच्यावर १४ दिवसांत लेखी हरकत घ्या. ही मुदत चुकवू नका.